रोल फेल झाला, आता पुढे काय?

तळघरात एक बंद दार आहे. चोराचं पात्र खेळणारा म्हणतो, "मी कुलूप उघडतो." डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणतो, "रोल कर." वीस बाजूंचा फासा घरंगळतो, ४ पडतात, त्यात कौशल्याचे ७ मिळवले की ११. हवे होते १५. "नाही उघडलं." "मग परत करतो." "कर." या वेळी ६, म्हणजे १३. "नाही." तेवढ्यात शेजारची म्हणते, "थांब, मी बघते." मग तिसरा बघतो. मग ज्याच्या पुजाऱ्याला कुलूप आणि कडी यांतला फरक कळत नाही तोही हात आजमावून घेतो, कारण फासा मोकळाच पडलाय. शेवटी कुणाला तरी १८ पडतात, दार उघडतं, आणि खेळ पाच मिनिटांपूर्वी होता तिथूनच पुढे सुरू होतो.

या पाच मिनिटांत कुणी नियम मोडला नाही. तरी ती वाया गेली, कारण रोल फेल होऊनही जगात काही बदललं नाही. दार आधी बंद होतं, नंतरही बंदच. टेबलटॉप रोलप्लेइंग गेममधली ही फार जुनी आणि चिवट अडचण आहे.

हा प्रकार कधी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. एकजण मात्र पात्र न घेता बाकीचं सगळं जग चालवतो. त्याला कुठे डीएम म्हणतात, कुठे जीएम. सापशिडीत फासा सांगेल तसं आपण हलतो. इथे उलटं आहे. काय करायचं ते माणूस ठरवतो, आणि जमलं की नाही एवढंच फासा सांगतो. या 'जमलं का' विचारणाऱ्या रोलला म्हणतात स्किल चेक. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ सालच्या आवृत्तीत वीस बाजूंच्या फाशावर पडलेल्या आकड्यात पात्राचं कौशल्य मिळवायचं आणि बेरीज एका ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहायची. या ठरलेल्या आकड्याला डीसी म्हणतात. ५ म्हणजे अगदी सोपं काम, १० सोपं, १५ मध्यम, २० कठीण, २५ फार कठीण आणि ३० जवळजवळ अशक्य.

आता वरच्या चोराचं गणित करू. कौशल्य ७, डीसी १५, म्हणजे फाशावर ८ किंवा जास्त पडले पाहिजेत. वीसपैकी तेरा आकडे चालतात; शक्यता ६५ टक्के. दुसरी संधी दिली की दोन्हींपैकी एकदा तरी जमण्याची शक्यता जवळपास ८८ टक्के होते. तिसऱ्या संधीला जवळपास ९६. आणि हा एकटा चोर आहे, पुजारीबुवा वेगळेच. म्हणजे पुन्हा पुन्हा रोल करू दिला तर डीएमने मनाशी "दार उघडणार" असं ठरवूनच टाकलेलं असतं. फक्त ते त्याला स्वतःला ठाऊक नसतं, आणि तिथवर पोचायला तो सगळ्यांचा वेळ खर्च करतो.

सुरुवातीच्या काळात ही अडचण फारशी जाणवत नव्हती. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला. चोर हा पात्रप्रकार त्यात नव्हताच. तो १९७५च्या पुरवणीत आला, सोबत टक्केवारीत मोजलेली कौशल्यं घेऊन. १९८१ साली टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या बेसिक आवृत्तीत पहिल्या पातळीच्या, म्हणजे अगदी नवख्या, चोराची कुलूप उघडण्याची शक्यता किती होती? १५ टक्के. शंभरातली पंच्याऐंशी कुलपं त्याला दाद देत नसत. वर एका कुलपावर एकच प्रयत्न. हुकला तर त्याच कुलपाला पुन्हा हात लावायचा तो थेट पुढची पातळी गाठल्यावर.

आज हे वाचून अंगावर काटा येईल, पण तो खेळ या नियमांनी बरा चालायचा. का, ते त्याच पुस्तकात दुसरीकडे सापडतं. तळघरात वेळ दहा-दहा मिनिटांच्या टप्प्यांनी मोजला जाई. मशाल सहा टप्पे चाले, म्हणजे तासभर. दर दोन टप्प्यांनी डीएम सहा बाजूंचा फासा टाकी आणि १ पडला तर कुठूनतरी भटका राक्षस हजर होई. दार फोडायला जावं तर आवाज होई. शिवाय तळघराला वाटा अनेक असत. हे दार नाही तर डावीकडचा बोगदा. थोडक्यात, फेल होण्याला किंमत होती, ती वेळात आणि उजेडात मोजली जात होती, आणि ती वसूल करायला डीएमला काही सुचावं लागत नव्हतं. घड्याळच वसूल करत होतं.

पुढे खेळ बदलत गेला. तळघरातून बाहेर पडून लोक राजकारण, खून, कारस्थानं, लांबलचक कथानकं खेळू लागले. मशाली मोजणं कंटाळवाणं म्हणून सुटलं, भटके राक्षस सुटले, एका दाराला पर्यायी चार वाटा असण्याची सवय सुटली. रोल मात्र राहिला. किंमत गेली आणि किमतीची चिठ्ठी तेवढी मागे उरली. माझ्या मते फेल झालेल्या चेकबद्दलचे सगळे आधुनिक उपाय म्हणजे ही हरवलेली किंमत वेगवेगळ्या मार्गांनी परत आणण्याचा खटाटोप आहे. असं पाहिलं की पाठ करायचे नियम बरेच कमी होतात.

पहिला उपाय सगळ्यात स्वस्त: रोल मागूच नका. हुकण्याने काही बिघडत नसेल तर काम झालं म्हणून सांगा आणि पुढे चला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत यासाठी चक्क नियम होता. घाई नसेल आणि हुकल्यावर नुकसान होणार नसेल तर खेळाडूने वीसपट वेळ घ्यायचा आणि फाशावर २० पडले असं धरायचं. २०१४च्या नियमांत तेच सोपं केलं: अपयशाची किंमत फक्त वेळ असेल आणि काम मुळात शक्य असेल तर दहापट वेळ घेतला की ते झालंच. व्हिन्सेंट बेकर यांनी २००४च्या आपल्या एका खेळात हाच विचार आणखी तोडून मांडला: एकतर खेळाडूला हो म्हणा, नाहीतर फासे टाका. मधलं काही नाही. धोका आहे, कुणी आडवं येतंय, तरच फासे.

हे वाचताना पटतं, टेबलावर विसरतं. खेळाडू काहीही म्हणाला की डीएमच्या तोंडून "रोल कर" आपोआप निघतं. म्हणून एक सवय लावून घ्यावी. फासा हातातून सुटण्याआधी स्वतःला विचारायचं, "हुकला तर मी काय सांगणार आहे?" उत्तर "काही नाही, नाही जमलं" एवढंच येत असेल आणि पुढे जायला दुसरी वाटही नसेल, तर तो रोल मागायचा नाही. हा प्रश्न फासा पडल्यानंतर विचारून उपयोग नाही. तेव्हा सगळे तोंडाकडे बघत असतात आणि घाईत सुचलेली शिक्षा नेहमी एकतर फुसकी असते नाहीतर राक्षसी.

ल्यूक क्रेन यांचा बर्निंग व्हील हा २००२ सालचा खेळ याहून एक पाऊल पुढे जातो. तिथे रोलच्या आधी खेळाडूने दोन गोष्टी सांगायच्या: मी काय करतोय, आणि मला त्यातून काय हवंय. दोन्ही सारख्या वाटतात, पण तसं नाही. "मी कुलूप उघडतो" ही झाली कृती. "पहारेकरी फिरून यायच्या आत मला कोठारात शिरायचंय" हा झाला हेतू. आता हुकणं म्हणजे कुलूप न उघडणं असलंच पाहिजे असं नाही. कुलूप उघडेल, पण पहारेकरी आलेला असेल. कृती जमली, हेतू हुकला. हा एक फरक पचला की डीएमचं अर्धं काम हलकं होतं. त्याच खेळात दुसरा नियम असा की एकदा पडलेला निकाल परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत कायम. परत रोल नाही, शेजाऱ्याचा रोल नाही, पुजारीबुवांचा तर नाहीच.

वरच्या दाराचा प्रसंग या पद्धतीने खेळला तर साधारण असा होईल:

"मी कुलूप उघडतो."

"कशासाठी एवढी घाई? आरामात उघड की."

"नाही ना, गस्तीवाला येईल. त्याच्या आत आत शिरायचंय."

"बरं. मग हुकलं तर कुलूप उघडेल, पण त्याच क्षणी त्याचा कंदील कोपऱ्यावर दिसेल. चालेल? का दुसरं काही करून बघतोस?"

"…चालेल. टाकतो."

धोका आधी सांगितल्याने मजा जाईल ही भीती अनेक डीएमना असते. होतं उलटं. काय पणाला लागलंय हे ठाऊक असलं की फासा घरंगळताना सगळे पुढे वाकून बघतात. आणि "चालेल?" विचारल्यामुळे खेळाडूला मागे फिरण्याची संधी मिळते. मग हुकल्यावर तो डीएमवर रुसत नाही, पैज त्यानेच लावलेली असते.

जिवाशी खेळ असेल तिथे हे आणखी महत्त्वाचं. हिरकणीची आख्यायिका आपल्याला ठाऊक आहे: रायगडाचे दरवाजे मिटलेले, बाळ खाली घरी उपाशी, आणि ही बाई रात्री कडा उतरते. हाच प्रसंग टेबलावर आला, हिरकणी कुणाचं तरी पात्र असली, तर नवा डीएम काय करेल? "कडा चढण्या-उतरण्याचा चेक दे, डीसी २०." हुकला. आता? पडून मेली म्हणायचं तर गोष्ट तिथेच संपली, तीही एका फाशावर. पडली पण वाचली म्हणायचं तर कड्याचा वचक गेला. पुन्हा प्रयत्न कर म्हणायचं तर मघाचं कुलूपच.

चूक डीसीत नाही, प्रश्नात आहे. या प्रसंगात 'ती खाली पोचते का' यात आपल्याला खरं तर रस नसतो. ती पोचणारच, त्याशिवाय गोष्ट कसली. रस असतो तो ती कधी पोचते, कुठल्या अवस्थेत, आणि वाटेत काय गमावते यात. मग हुकण्याचे अर्थ झरझर सुचतात. अर्ध्यावर हात सुटतो, खांदा निखळतो, खाली पोचते पण बाळाला उचलता येत नाही. किंवा उतरायला पहाट होते, आणि घर रिकामं असतं. बाळ शेजारीण घेऊन गेली की आणखी कुणी, हा पुढचा प्रसंग. किंवा एक दगड सुटून दरीत गडगडतो आणि बुरुजावर मशाली पेटतात. एवढी तटबंदी असताना इथून वाट कशी, हे आता किल्लेदाराला शोधायचंय. यातल्या एकाही शक्यतेत ती खाली पडत नाही, पण फेल झालेला रोल एकातही फुकट जात नाही. मृत्यू पणाला लावायचाच असेल तर जरूर लावा, फक्त आधी सांगून, आणि एकाऐवजी दोन-तीन रोलच्या अंतरावर. म्हणजे पहिला हुकल्यावर "परत वर जाऊ की तशीच उतरू" हा निर्णय खेळणारीच्या हातात राहतो.

अर्धवट यशाची कल्पना इथूनच पुढे येते. बेकर दांपत्याच्या २०१०च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळात सहा बाजूंचे दोन फासे टाकतात आणि पात्राचा गुण मिळवतात. १० किंवा वर म्हणजे पूर्ण यश. ७ ते ९ म्हणजे जमलं, पण काहीतरी मोजून. ६ किंवा खाली म्हणजे आता जीएमची पाळी, आणि तो मनावर घेणार. फाशांचं गणित बघा: गुण शून्य असेल तर पूर्ण यश जवळपास १७ टक्के, मधला निकाल जवळपास ४२ आणि चूकही तेवढीच. गुण १ असला की मधला निकाल ४४ टक्क्यांच्या वर जातो आणि दोन्ही टोकं २८च्या आसपास येतात. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा पडणारं उत्तर "हो, पण" हेच असावं, अशीच त्याची बांधणी आहे. जॉन हार्पर यांच्या २०१७च्या ब्लेड्स इन द डार्कमध्ये आणखी एक जोड आहे. फासे टाकण्याआधी जीएम सांगतो की खेळाडूची स्थिती कशी आहे: आटोक्यात आहे, जोखमीची आहे, की जिवावरची. हुकण्याची किंमत त्या एका शब्दावरून सगळ्यांना कळते. वर खेळाडूला परिणाम टाळण्याचीही मुभा असते, पात्राचा ताण वाढवून.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांना यासाठी खेळ बदलायची गरज नाही. २०१४च्या डीएम पुस्तकातच एक पर्यायी नियम दिलाय: चेक फक्त १ किंवा २ ने हुकला तर काम होऊ द्या, पण काहीतरी अडचण जोडा. आपल्या चोराचे १३ असेच दोनाने हुकले होते. कुलूप उघडतं, पण त्याचं आवडतं हत्यार आत मोडून राहतं. मोडलेला तुकडा उद्या सकाळी कुणाला सापडेल, हे त्याने आत्तापासून विचार करत बसावं.

"हो, पण" देताना एक गोष्ट सांभाळावी लागते. 'पण'ने 'हो' गिळता कामा नये. कुलूप उघडलं, पण आत दुसरं दार आहे आणि त्याला मोठं कुलूप आहे, याला अर्धवट यश म्हणत नाहीत. खेळाडूने जे मिळवलं ते त्याच्या हातात राहिलं पाहिजे. अडचण दुसऱ्या बाजूने यावी.

तपासाच्या गोष्टींत फेल झालेला रोल सगळ्यात जास्त नुकसान करतो. खुनाचा छडा लावायला तीन धागे हवेत आणि प्रत्येक धागा सापडायची शक्यता ६० टक्के आहे असं धरा. तिन्ही सापडण्याची शक्यता २२ टक्क्यांहून कमी. पाचातल्या जवळपास चार वेळा तपास अडकणार, आणि मग डीएम हळूच एखाद्या भिकाऱ्याच्या तोंडून उत्तर वदवून घेणार. रॉबिन लॉज यांनी २००७ साली गमशू नावाची नियमपद्धत आणली ती याच दुखण्यावर. तिथे योग्य कौशल्य असलेलं पात्र योग्य जागी बघत असेल तर मुख्य धागा मिळतोच, रोल नाही. गंमत धागा सापडण्यात नसून त्याचा अर्थ लावण्यात आहे, असा त्यांचा दावा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. दुसरा तोडगा जस्टिन अलेक्झांडर या अमेरिकी लेखकाने मांडला: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असं वाटतं, त्याच्याकडे नेणारे निदान तीन वेगळे धागे पेरा. गणित उलटं होतं. आता तिन्ही हुकले तरच वाट बंद, आणि ६० टक्क्यांच्या हिशेबाने ती शक्यता ६.४ टक्के उरते.

पुन्हा रोल करू द्यायचाच असेल तर तो कसा, हे कॉल ऑफ क्थुलूच्या सातव्या आवृत्तीत छान आहे. सँडी पीटरसन यांचा हा भयकथांचा खेळ मूळचा १९८१चा. नव्या नियमात हुकलेला रोल एकदा रेटता येतो. पण खेळाडूने आता वेगळं, जास्त धोक्याचं काय करतोय ते सांगायचं, आणि रेटूनही हुकला तर परिणाम भयंकर करायची जीएमला मोकळीक. लढाईतले रोल असे रेटता येत नाहीत. "परत करू का?" या प्रश्नाला हे उत्तर मला कुठल्याही खेळात चालतं: कर, पण आधी सांग की वेगळं काय करतोयस.

माहितीचे आणि बोलण्याचे चेक थोडे वेगळे वागतात. "या चिन्हाबद्दल मला काही माहीत आहे का?" हा रोल हुकला तर काय द्यायचं? काहीजण पडद्याआड रोल करून चुकीची माहिती खरी म्हणून देतात. २०१९च्या पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत ते अधिकृतच आहे. तिथे डीसीपेक्षा १० किंवा जास्त कमी पडलं की ती वेगळी, मोठी चूक धरतात आणि आठवण्याच्या रोलमध्ये तिचा निकाल म्हणजे खोटी माहिती. मला हे रुचत नाही. जगाबद्दल कळायला डीएमच्या शब्दाशिवाय खेळाडूकडे काहीच नसतं. तो शब्द खोटा असू शकतो हे एकदा लक्षात आलं की पुढची प्रत्येक माहिती तीनदा तपासली जाते आणि खेळ रांगायला लागतो. त्यापेक्षा "तुला आठवत नाही, पण हे ज्याला कळेल तो तुझा जुना गुरू याच गावात आहे, आणि तुमचं पटत नाही" हे किती चांगलं. माहिती मिळाली नाही, पण जायला जागा मिळाली.

बोलण्यातही तसंच. दरवानाची मनधरणी हुकली म्हणून त्याने लगेच तलवार उपसायची गरज नाही. "नाही" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा कशाला तरी घाबरत असतो किंवा त्याला काहीतरी हवं असतं. "आत सोडलं तर माझी नोकरी जाईल हो," असं तो म्हणाला की खेळाडूंच्या हातात नवी किल्ली येते. लाच, धाक, खोटं पत्र, जे हवं ते.

फेल रोलचं वर्णन कसं करायचं यावर फार कमी बोललं जातं, आणि खेळाडू दुखावतात ते नेमके तिथे. फाशावर १ पडला की डीएमच्या अंगात विनोद संचारतो: पाय घसरला, चड्डी फाटली, बाण स्वतःच्याच बुटात. एखाद्या वेळी हसू येतं. पण वीस बाजूंच्या फाशावर १ सरासरीने वीस रोलमागे एकदा पडतोच. आयुष्यभर कडे चढलेली पटाईत बाई दर विसाव्या प्रयत्नाला विदूषक होत असेल तर तिचं कौशल्य कागदावर राहिलं. शिवाय २०१४च्या नियमांत १ पडला की आपोआप हुकतो तो फक्त हल्ल्याचा रोल. कौशल्याच्या चेकमध्ये १ हा फक्त १ असतो. कौशल्य ११ असेल तर १० डीसीचं काम १ पडूनही होतं. अनेक टेबलांवर हे माहीतच नसतं. म्हणून दोष पात्राला न देता जगाला द्यावा. ती चढणारी चुकली नाही; पावसाने खडक पोकळ झाला होता. चोराचे हात थरथरले नाहीत; हे कुलूप त्याने आजवर न पाहिलेल्या घडणीचं आहे. निकाल तोच, पण खेळाडूची मान खाली जात नाही.

पाचजणांनी मिळून छावणीजवळून दबकत जायचं असेल तर पुन्हा गणिताकडे वळावं लागतं. प्रत्येकाची शक्यता ७० टक्के, म्हणजे चांगलीच. पण प्रत्येकाने वेगळा रोल करून पाचही जमायला हवेत असं म्हटलं तर शक्यता जवळपास १७ टक्क्यांवर येते. आणि चिलखतवाल्या सरदाराची ७० कुठली असायला! अशा टेबलांवर काही महिन्यांत लपूनछपून जायचं कुणी सुचवतच नाही. नियमात याला सोय आहे: सगळ्यांनी रोल करायचा, निम्म्या किंवा जास्त लोकांचे जमले तर गटाचं जमलं. त्याच ७० टक्क्यांची शक्यता आता जवळपास ८४ होते. ज्यांचे जमले त्यांनी ज्यांचे हुकले त्यांना सांभाळून घेतलं, असं वर्णन करायला मिळतं ते वेगळंच.

एवढं सगळं सांगून झाल्यावर थोडं उलट बोलायला हवं. प्रत्येक हुकलेल्या रोलमधून काहीतरी नवं, रोमांचक घडलंच पाहिजे, हा अलीकडचा आग्रह मला अतिरेकी वाटतो. प्रत्येक दाराआड पहारेकरी, प्रत्येक उडीला तुटलेला दोर, प्रत्येक वाक्याला रागावलेला सरदार, असं तीन तास चाललं की माणसं दमतात आणि कशाचंच वजन उरत नाही. साधं "नाही"सुद्धा चांगलं असतं, जर पुढे जायला आणखी वाटा असतील. भिंत चढता आली नाही? ठीक, मग दरवाजा आहे, गटार आहे, सकाळी भाजीची गाडी आत जाते. जिथे जग मोठं आणि मोकळं आहे तिथे बंद दार फक्त बंद दार असू द्यावं. अडचण येते ती ज्या दारामागे पुढची सगळी गोष्ट ठेवलीय, त्याच दारावर रोल मागितल्याने. ते दार डीएमनेच उघडं ठेवावं.

आणि कधीकधी काहीच सुचत नाही. धोका आधी ठरवला नव्हता, फासा पडला, हुकला, डोकं रिकामं. अशा वेळी खेळाडूलाच विचारा, "काय बिघडलं असेल?" डीएमने दिली नसती इतकी कठोर शिक्षा लोक स्वतःच्या पात्राला हौसेने देतात. नाहीतर ब्लेड्स इन द डार्कची एक युक्ती उचला, ती कुठल्याही खेळात चालते. कागदावर एक गोल काढायचा, त्याचे सहा भाग करायचे आणि वर लिहायचं, "पहारा सावध होतो". प्रत्येक हुकलेल्या रोलला एक भाग काळा करायचा, मोठी चूक असेल तर दोन. तेवढ्या क्षणी काही सुचवायची गरज नाही, किंमत मात्र वसूल झाली. मशालीचे सहा टप्पे जे काम करत होते तेच हे. कागद टेबलाच्या मधोमध ठेवायचा. चार भाग काळे झालेले दिसले की पुजारीबुवा कुलपाला हात लावण्याआधी आपणहून थांबतात आणि म्हणतात, "अरे, यालाच करू दे, हा चोर आहे."